पूर्वअट

प्रियदर्शनीला प्रश्न विचारायचा पगार मिळायचा. सोलापुरात होटगी रोडवरच्या तिच्या कंपनीत प्रोग्रॅम लिहिणारी पोरं वेगळी होती. त्यांनी काय लिहायचं हे ठरवायला आधी गिऱ्हाइकाकडं जायचं, त्याची माणसं काय करतात, कशी करतात, कुठं अडतात हे विचारून घ्यायचं आणि कागदावर उतरवायचं, हे हिचं काम. उतरवायची रीत ठरलेली होती. तिला युज केस म्हणत. एक माणूस, त्याला हवी असलेली एक गोष्ट, आणि ती हातात पडेपर्यंत तो काय करतो, कॉम्प्युटर काय करतो, त्याच्या पायऱ्या. सगळं सुरळीत झालं तर काय होईल ते आधी लिहायचं. मध्येच माणूस वेगळं वागला, काही बिघडलं, तर काय करायचं ते पर्यायी मार्ग म्हणून त्याखाली. आणि सगळ्यांच्या वर पूर्वअट. म्हणजे हे सगळं सुरू व्हायच्या आधी काय खरं असलंच पाहिजे, ते.

एकदा सुट्टीत तिनं हे वडिलांना समजावून सांगितलं होतं. येडूआबांनी चिलीम बाजूला ठेवून नीट ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजी गोष्टच की गं. एक हुता मेंढका, त्याला पायजे हुतं पानी. मग त्यो काय करतो, वाटंत काय आडवं येतं, आन शेवटाला पानी घावतं का न्हाय."

"व्हय आबा. तसंच."

"आन ह्येचा पगार देत्यात तुला?" आबा हसले. मग बरोबरच्या मेंढक्यांना, सगळ्या वाड्याला, त्यांनी ते सांगितलं. आमची दर्शी कंपनीत गोष्टी लिवती.

सांगोल्याच्या पुढं माळावर त्यांची वाडी. आबांचं निम्मं वर्ष वाडीत जायचं आणि निम्मं मेंढरांमागं. माळ करपला की घोड्यावर संसार लादायचा, वाटेत कुणी शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घेईल तिथं वाघरीचं जाळं लावून मुक्काम करायचा, आणि उन्हाळा लागेपर्यंत उजनीच्या काठाला पोहोचायचं. धरणाचं पाणी मागं हटलं की गाळावर गवत उगवतं, त्या आशेनं. चार-पाच घरांची मेंढरं मिळून एक वाडा व्हायचा. त्यात बिरुदेव आबांच्या बरोबरीचा. दोघांची लग्नं एकाच मांडवात झालेली, दोघांची घोडी एका आईची. प्रियदर्शनी त्याला बिरुतात्या म्हणायची.

ती स्वतः वाड्यामागं फार हिंडली नाही. आबांनी तिला मामाकडं शाळेला ठेवलं, मग सोलापुरात कॉलेजला. ऑफिसात कुणी घरचं विचारलं तर ती म्हणायची, "गावाकडं शेती आहे." शेती होती. कुसळं उगवायची त्यात. पण सांगितलं ते खोटं नव्हतं, आणि त्यापुढं कुणी विचारतही नसे.

मग ते जनावरांच्या दवाखान्याचं काम कंपनीकडं आलं.

जिल्ह्यात काम करणारी एक पशुसेवा संस्था फिरते दवाखाने सुरू करणार होती. गाडीत डॉक्टर, औषधं, सगळं. पशुपालकानं एका नंबरावर फोन करायचा, तिथल्या ऑपरेटरनं नोंद घ्यायची, त्या भागातली गाडी त्याच्याकडं निघायची. बाकी गाई-म्हशींची गावं संस्थेनं नेमून दिली होती, पण शेळ्या-मेंढ्यांची बाजू समजून घ्यायची म्हटल्यावर प्रियदर्शनीला लांब जावं लागलंच नाही. वाडा अजून वाडीतच होता. ती शनिवारी घरी गेली आणि अंगणात आबांसमोर लॅपटॉप उघडून बसली.

आबांनी त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसलं होतं, फेटा बांधला होता. बिरुतात्या शेजारी उकिडवा बसून होता. आई, अंबुबाई, चहा घेऊन आली आणि तीही तिथंच टेकली.

"आता समजा मेंढरू आजारी पडलं आन तुमी फोन लावला," ती म्हणाली. "पलीकडली बाई काय इचारंल?"

"नाव इचारंल. गाव इचारंल."

"मग?"

"मग झालं की वाट्टोळं," आबा म्हणाले. "गाव कुठलं म्हणलं की मी वाडीचंच नाव सांगनार. मानसाला गाव एकच आस्तं. आन मेंढरं तर तिकडं करमाळ्याच्या अंगाला. गाव कुठलं आसं न्हाय इचारायचं गं. वाडा कुटं बसलाय, आसं इचारायचं."

हे तिला ठाऊक होतंच. लहानपणी मामाच्या घरी आबांची वाट बघताना तिनं तरी दुसरं काय विचारलं होतं? तरी तिनं आबांचेच शब्द टाइप केले आणि लॅपटॉप फिरवून त्यांना दाखवला. आबांना वाचता येत नव्हतं. पण त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"म्या बोललो ते हितं हाय?"

"व्हय."

बिरुतात्याला काही पटत नव्हतं. "आमच्यामागं गाडी यायची? ती बी डाक्तरसकट? जनमात कुणी आलं न्हाय."

"लेक लिवायलीय म्हंजी येनार," आबा म्हणाले.

सोलापूरला परतल्यावर तिनं युज केस मन लावून लिहिली. 'फिरता दवाखाना बोलावणे.' खाली पर्यायी मार्ग: कळप नोंदणीच्या गावात नसून फिरतीवर असल्यास, ऑपरेटर मुक्कामाची जागा विचारतो, जवळचं गाव, रस्ता, ओळखीची खूण लिहून घेतो, आणि गाडी त्या जागेच्या जवळची निवडली जाते. तिनं ते दोनदा वाचलं. बरं जमलं होतं.

मंजुरीची बैठक संस्थेच्या कार्यालयात झाली. संस्थेकडून शिवयोगी सर होते, या सगळ्या कामाचे प्रमुख. मोकळा माणूस, मोठ्यानं बोलणारा, आल्याआल्या सगळ्यांना शेंगाचटणीची पाकिटं वाटणारा. कंपनीकडून प्रियदर्शनी आणि तिचा टीम लीड राजशेखर. भिंतीवर एकेक पान दिसत होतं आणि ती वाचून दाखवत होती. त्या पर्यायी मार्गाशी ती आली तेव्हा जेवायची वेळ टळून गेली होती.

शिवयोगी सर खुर्चीत मागं रेलले. "मॅडम, मेंढक्यांचं कुठं घेऊन बसलात? आज इथं, उद्या तिथं. त्यांच्या बायकोला पत्ता विचारला तर तीसुद्धा आभाळाकडं बोट दाखवंल. आमच्या गाडीनं काय रस्त्यावरच्या लेंड्या बघत माग काढायचा का?"

टेबलाभोवती हशा पिकला. राजशेखर हसला, संस्थेची माणसं हसली, चहा आणणारा हसला.

प्रियदर्शनीही हसली.

ओठांनी नुसतं नव्हे, चांगली आवाज करून हसली. का, ते तिला नंतर कितीही विचार करून सापडलं नाही. भीती नव्हती. शिवयोगी सरांनी काही तिला खाल्लं नसतं. सगळे हसत होते आणि एकटीनं गप्प बसलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, काय झालं म्हणून. बहुतेक तेवढंच.

"जाऊ द्या की ओ मॅडम," राजशेखर जाता जाता म्हणाला, "फेज टूमध्ये घेऊ. आत्ता ऑपरेटरचा स्क्रीन साधा ठेवू."

ती जागेवर आली. पर्यायी मार्गाचा तो सगळा तुकडा तिनं निवडला आणि काढून टाकला. पण नुसता काढून भागत नाही. तसा प्रसंग आलाच तर काय, असं तपासणारा विचारतो. म्हणून तिनं वर जाऊन पूर्वअटीत एक ओळ घातली. 'जनावरे नोंदणी केलेल्या गावातच आहेत.' कामाची रीत म्हणून यात काही चूक नव्हती. पूर्वअट असतेच त्यासाठी. त्या एका ओळीनं आबा, बिरुतात्या, आई, घोडी, वाघरी, सगळा वाडा दाराबाहेर राहिला, आणि कागद मंजूर झाला.

नंबर सुरू झाला तेव्हा वाडा निघाला होता, पंढरपूर ओलांडून पुढं गेला होता. तिनं आबांना फोनवर सांगितलं, "आबा, नंबर चालू झाला."

"झाला? वा!" पलीकडून आबा ओरडून दुसऱ्या कुणाला सांगत होते, नंबर चालू झाला म्हणून. वाऱ्याचा आवाज येत होता. "सगळ्यांच्या फोनात घालून ठिवतो. धनाजीला सांगतो." धनाजी तिचा चुलतभाऊ, तोही वाड्याबरोबर होता.

त्याच वेळी ती सांगू शकली असती. अजून तुमच्यासाठी नाही आबा, थोडं थांबा. जिभेवर आलं होतं. पण आबा इतक्या आनंदात होते, आणि फेज टू दोन-तीन महिन्यांत होईलच असं राजशेखर म्हणाला होता. "जपून राहा," एवढंच ती बोलली.

फेज टू पुढं ढकलली गेली. एप्रिलच्या शेवटी एका दुपारी आईचा फोन आला. अंबुबाई कधी स्वतःहून फोन लावत नसे. तिला बटणं कळत नसत.

"दर्शे, जरा येऊन जा गं. आबा जेवंनात."

"काय झालं?"

"मेंढरं गेली."

चोरीला गेली असं तिला आधी वाटलं.

ती मिळाली त्या गाडीनं कुर्डुवाडीला उतरली. धनाजी मोटरसायकल घेऊन आला होता. दोघं निघाले. दोन्ही बाजूंना ऊस, केळीच्या बागा, मग एकदम सगळं संपून फुटलेला काळा गाळ आणि लांब चकाकणारं पाणी. गाळावर हिरवं गवत होतं. त्या गवतात मेंढरं दिसायला हवी होती तितकी दिसत नव्हती. एका बाजूला नुकती उकरून बुजवलेली माती होती, बरीच लांबवर, आणि तिथं कुत्री येऊ नयेत म्हणून बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या.

काय झालं ते आईनं सांगितलं. आबा पलीकडं पाठ करून बसले होते.

आधी दोन-तीन मेंढरांच्या नाकातून पाणी यायला लागलं. मग तोंडं आली, हगवण लागली, ताप. बिरुतात्या म्हणाला, टेंभुर्णीचा डॉक्टर आणू. दरवर्षी काही झालं की त्यालाच आणत. आबांनी त्याचा हात धरला. म्हणाले, थांब, आता नंबर हाय. आबांनी फोन लावला. पलीकडं बाई गोड बोलली. नाव विचारलं, गाव विचारलं. आबांनी वाडीचं नाव सांगितलं. बाई म्हणाली, गाडी निघते.

सगळा वाडा रस्त्याकडं बघत बसला. गाडी निघाली होतीच. ती सांगोल्याच्या पुढं वाडीत गेली, कुलूप लावलेल्या घरासमोर थांबली आणि परत फिरली. संध्याकाळी आबांच्या फोनवर मेसेज आला. धनाजीनं वाचून दाखवला. 'आपली सेवा पूर्ण झाली आहे. धन्यवाद.'

"पूर्ण झाली म्हंजी?" बिरुतात्यानं विचारलं.

आबांनी सकाळी परत फोन लावला. परत नाव, परत गाव. बाई म्हणाली, गाडी येऊन गेली बाबा, जनावरं नव्हती. आबा म्हणाले, जनावरं हितं हायेत की, माझ्यासमोर. बाई म्हणाली, मग परत पाठवते. नोंदीत वाडीचंच नाव होतं, मुक्काम कुठं हा प्रश्न बाईच्या स्क्रीनवर नव्हता, आणि गाडी परत वाडीत गेली.

"बिरुभावजी म्हणत हुते डाक्तर आणतो," अंबुबाई म्हणाली. "ह्येंनी ऐकलं न्हाय. एक डाव चुकली आसंल वाट, येतीया गाडी, म्हणत बसले. तवर त्येंच्या बी मेंढरांना लागलं. एका वाघरीत सगळी."

शेवटी बिरुदेवानं कुणाला न विचारता टेंभुर्णी गाठली. डॉक्टर आला, त्यानं इंजेक्शनं दिली, आजारी मेंढरं वेगळी केली. काही वाचली. लवकर बोलवायचं होतं, एवढं बोलून तो गेला. आबांची निम्म्याहून जास्त मेंढरं गेली, आणि बिरुदेवाची त्याहून जास्त.

प्रियदर्शनी आबांच्या शेजारी जाऊन बसली. "मला का न्हाय फोन केला, आबा? मी लगेच पाठवली आसती."

आबा पाण्याकडं बघत होते. "तुला फोन करून आणली आसती तर ती वशिल्याची गाडी झाली आसती. बिरुदेव म्हणाला आसता, लेकीनं धाडली. नंबरावर याया पायजे हुती." मग म्हणाले, "वाट चुकली आसंल. नवीन मानसं."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. बिरुतात्या लांब आपल्या घोड्याला पाणी पाजत होता. तो आला नाही, त्यानं हाकही मारली नाही. दुसऱ्या सकाळी त्यानं आपलं बिऱ्हाड उचललं आणि उरलेली मेंढरं घेऊन तो वेगळ्या दिशेनं निघून गेला. आबा उभे राहून बघत राहिले. त्यांच्या आठवणीत ते दोघं एका वाड्यात नाहीत, असं कधी झालं नव्हतं.

उरलेली मेंढरं आबांनी विकली. या वयात परत कळप उभा करायचा तर बरोबर माणूस लागतो, आणि ज्या माणसाच्या शब्दावर मेंढरं गेली त्याच्या वाड्यात कोण राहणार? प्रियदर्शनीनं त्यांना आपल्या खोलीवर यायचा आग्रह केला. ते आले नाहीत. शेवटी सोलापूरजवळ कुंभारीत कामगारांच्या वसाहतीजवळ दोन खोल्या मिळाल्या, मागं दोन-तीन शेळ्या बांधण्याइतकी जागा होती. आबा एका गोदामावर राखणीला जाऊ लागले.

काठावरून परतली त्या आठवड्यातच ती ऑफिसात राजशेखरच्या टेबलाशी उभी राहिली होती. शिवयोगी सरांना बोलावून घ्या म्हणाली. ते आले तेव्हा तिनं त्यांना झालेलं सगळं सांगितलं. "ते माझे वडील आहेत, सर. मेंढके आहेत. मी मेंढक्याची मुलगी आहे."

शिवयोगी सरांचा चेहरा उतरला. ते बराच वेळ टेबलावरची पेन्सिल फिरवत राहिले. ती वाट बघत होती की ते काही लावून बोलतील, स्वतःची बाजू घेतील. म्हणजे तिला भांडता आलं असतं.

"तुम्ही त्या वेळी का नाही बोललात हो?" ते म्हणाले. "मी बडबड्या माणूस आहे, बोलून जातो काहीबाही. तुम्ही एक शब्द बोलला असता तर मी तिथंच थांबवलं असतं. आत्ता सांगताय तसं सांगितलं असतं..."

ते खरं बोलत होते. ते तिला स्पष्ट दिसत होतं, आणि तेच सोसत नव्हतं.

बदल करायला फार वेळ लागला नाही. काढून टाकलेला तुकडा परत घातला, पूर्वअटीतली ओळ खोडली. ऑपरेटरच्या स्क्रीनवर एक प्रश्न वाढला. राजशेखरनं तो आठवड्याच्या आत चालू करून दिला आणि ओशाळून म्हणाला, "एवढंसंच होतं की ओ."

आबांना सांगायला मात्र तिला पावसाळा उजाडला. दर रविवारी ती कुंभारीला जायची, ठरवून जायची, आणि शेळ्यांच्या पाल्याबद्दल बोलून परत यायची. आबा अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, नवीन मानसं हुती, वाट चुकली. एका रविवारी शेजारचा कुणी विचारत होता आणि आबा तेच सांगत होते, तेव्हा तिला ऐकवेना. तो माणूस गेल्यावर ती म्हणाली, "आबा, गाडी चुकली न्हवती."

तिनं सगळं सांगितलं. बैठक, तो पर्यायी मार्ग, तो विनोद. लेंड्यांचा शब्दसुद्धा गाळला नाही. कागदातून ती ओळ आपल्या हातानं काढली, आणि फोनवर सांगायचं होतं तेही सांगितलं नाही, हेही बोलली. आबा ऐकत होते. चुलीजवळ अंबुबाईचे हात थांबले होते.

"हसले सगळे?" आबांनी विचारलं.

"व्हय."

"तूबी?"

तिला नाही म्हणता आलं असतं. "व्हय, आबा."

आबा उठले, मागं गेले. शेळीचं दावं आधीच बांधलेलं होतं ते त्यांनी सोडलं आणि परत बांधलं. बराच वेळ ते आत आले नाहीत. अंबुबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली.

आत आले तेव्हा ते उंबऱ्यावरच बसले.

"आबा, मी बिरुतात्याकडं जाते. त्येंना सांगते तुमची चूक न्हवती. माझ्यामुळं झालं."

"न्हाय."

"पर ते तुमाला..."

"न्हाय म्हणतो ना." आवाज चढला नव्हता. "बिरुदेव मला खोटा समजतोय. समजू दे. येडू बाता मारत हुता, येडूनं थांबवलं, आसं म्हणतोय. ते माझ्यावर ऱ्हाऊ दे. लेक आमाला हसली, हे त्याला कळाया नगं. वाड्यात कुणालाच कळाया नगं."

"आबा..."

"शपथ हाय तुला."

ती रडली. आबांनी तिला गप्प केलं नाही, रागही केला नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "भाकरी खाऊन जा." ती जेवली. तेही जेवले. पुढच्या रविवारी ती आली तेव्हा आबा नेहमीसारखे बोलले. फक्त त्यानंतर ऑफिसात काय लिहिलं, हे त्यांनी तिला पुन्हा कधी विचारलं नाही. ती स्वतःहून सांगू लागली की ते ऐकायचे, मान हलवायचे, आणि मग शेळ्यांकडं बघायचे.

पुढल्या उन्हाळ्यात संस्थेनं तिला काठावर पाठवलं. फिरतीवरच्या कळपांना गाडी नीट पोहोचते का, ते प्रत्यक्ष बघून यायचं होतं. ती गाडीतूनच गेली, डॉक्टर आणि ड्रायव्हरबरोबर. फोन कुणाचा आला होता ते ऑपरेटरनं सांगितलं होतं, पण नाव नुसतं बिरुदेव, आणि या काठाला बिरुदेव डझनानं असतात. बांधावरून उतरून ते गाळात आले तेव्हा तिनं बिरुतात्याचं घोडं ओळखलं.

बिरुतात्या म्हातारा दिसत होता. वाडा दुसराच होता, माणसं अनोळखी. डॉक्टर मेंढरांत शिरला. बिरुतात्यानं तिच्याकडं बघितलं, मग बायकोला, केराबाईला, हाक मारून चहा टाकायला सांगितलं. केराबाई चहा घेऊन आली, तिनं प्रियदर्शनीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती मागं सरली.

"गाडी येती आता," बिरुतात्या म्हणाला. "वाडा कुटं बसलाय, आसं इचारती ती बाई. बरं केलंय."

तिनं कप दोन्ही हातांत धरला.

"येडूनं तवा दम धरायला नको हुता," तो म्हणाला. "न्हवती गाडी तर न्हाय म्हणायचं. मानूस चुकतो. पर त्यानं हात धरला माझा. मी निघालो हुतो डाक्तर आनाया, आन त्यानं हात धरला. लेक, लेक, लेक. लेकीच्या नावानं बढाई मारायची हुती त्याला." मग तिच्याकडं बघून त्याला वाईट वाटलं असावं. "तुला न्हाय बोलत मी, पोरी. तू तुझं काम केलंस. तुझा काय दोष?"

ती काय बोलणार होती? सगळे शब्द तयार होते, वर्षभर तयार होते. तात्या, आबांनी बढाई मारली नव्हती. त्यांनी जे सांगितलं ते खरं होतं, ते मीच खोटं केलं. एवढंच. एका दमात झालं असतं. तिनं तोंड उघडलं, आणि उंबऱ्यावर बसलेले आबा तिला दिसले, शपथ घालताना. ती चहा प्याली.

डॉक्टर आला, हात धुतले, काळजीचं काही नाही म्हणाला. गाडी निघाली तेव्हा बिरुतात्या खिडकीशी आला.

"कसाय त्यो?"

"बरे हायेत. कुंभारीत असतात. शेळ्या ठेवल्यात."

"शेळ्या," बिरुतात्या म्हणाला. एवढ्या वर्षांच्या मेंढक्यानं शेळ्या राखाव्यात, हे त्याच्या गळी उतरत नव्हतं. तो खिडकीला धरून उभा राहिला. ड्रायव्हरनं गाडी चालू केली तेव्हा तो बाजूला झाला.

रविवारी ती कुंभारीला गेली. उन्हं कलली होती. आबा गोदामावरून येऊन खाटेवर टेकले होते.

"कुटं गेलतीस म्हणं कामाला?"

"उजनीकडं."

आबा उठून बसले. "पानी किती मागं गेलंय?"

"लई गेलंय. जुनं देऊळ उघडं पडलंय पार."

"आन गवत?"

"चांगलं हाय. गुडघ्याएवढं हाय, काठाकाठानं."

"ह्या वर्साला गाळ बरा आसनार," आबा म्हणाले. "वाडे उतरले आसतील मग."

"व्हय. हायेत दोन-चार."

कुणाचे, हे ते विचारतील म्हणून ती थांबली. शेळी ओरडली. आबांनी हात लांब करून तिच्या पाठीवर थोपटलं, आणि मग ते गवताबद्दलच बोलत राहिले, कुठल्या अंगाला लवकर वाळतं, कुठल्या अंगाला आखाडापर्यंत टिकतं. ती मान हलवत ऐकत बसली.